नवसाचं मौन

“बोला, आत्याबाई... तुमच्या पायाची आण, एक सबद बोला! माझ्या लेकराचं आयुष्य तुमच्या त्या मिटल्या ओठांत अडकलंय हो!”

भरल्या ओसरीत द्वारकेनं सासूचे पाय घट्ट धरले, आणि जमलेल्या बायकांच्या हातांतली हळदीकुंकवाची ताटं जागच्या जागी थबकली. दर सोमवारी गावातल्या बाया मनकर्णाबाईंचे पाय धुवायला यायच्या. टँकरवर भांडून मिळवलेल्या पाण्यातलं तांब्याभर पाणी त्या मौनी माउलीच्या पायांवर घालायच्या, एक थेंबही खाली सांडू न देता ते परातीत धरायच्या आणि तीर्थ म्हणून घरी न्यायच्या. लागोपाठ दुसरं कोरडं साल होतं ते. विहिरींनी तळ दाखवला होता, जनावरं कडा गावच्या वाटेवरच्या चारा छावणीत बांधली होती, आणि सगळ्या गावाची एक श्रद्धा बसली होती की मनकर्णाबाईंचं मौन ज्या दिवशी सुखरूप पार पडेल, त्या दिवशी आभाळ फुटेल... आणि आज त्यांचीच सून ते मौन मोडायला निघाली होती!

“अगं बया बया! व्रत मोडाया लागलीस व्हय गं, भवाने?” चुलत सासू छबुबाई कडाडली. “गाव पान्यावाचून तडफडंना का, हिला काय त्याचं! बहिरीला मेघाचा गडगडाट तरी कुठं ऐकू येतुया!”

बायका फिदीफिदी हसल्या. द्वारकेला ते हसू ऐकू आलं. कानामागच्या मशीनमधून तिला असलं सगळं ऐकू यायचं... लोक मात्र तिला ऐकू येत नाही असं धरून तिच्यासमोरच हवं ते बोलायचे.

“हसा तुमी, चुलतीबाई, खुशाल हसा,” ती गहिवरून म्हणाली, “पण हे मौन गावाचं न्हाई, माझ्या ईशीच्या नावाचं हाय! नगरच्या बाईंनी सांगितलंय, घरात कुणी बोललं न्हाई तर पोरगी कवाच बोलायची न्हाई. आत्याबाई, देवानं तुमच्याकडून मौन मागितलं नव्हतं हो...”

छबुबाईचा हात सणसणत आला. तो बसला तो नेमका कानावर! मशीन उडालं, ओसरीच्या फरशीवरून घरंगळत गेलं, आणि मागं सरकणाऱ्या कुणाच्या तरी टाचेखाली त्याचा चुरा झाला. द्वारकेला तो चुरा होताना दिसला. ऐकू मात्र आला नाही. त्या क्षणापासून तिच्यासाठी सगळ्या जगाची नुसती तोंडं हलू लागली. तिनं वर पाहिलं. मनकर्णाबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, हात सुनेच्या डोक्यापर्यंत आला होता...

पण ओठ उघडले नाहीत. मनकर्णाबाई बोलल्या नाहीत.

खरं तर त्या घरात बोलण्याची कधी वाण नव्हती. मनकर्णाबाईंचा गळा म्हणजे पंचक्रोशीचं भूषण! बारशाचा पाळणा असो, हळदीचं गाणं असो, “मनकर्णाबाईला बोलवा गं” असं म्हटल्याशिवाय कार्य पुढं सरकत नसे. द्वारका लग्न होऊन आली तेव्हा तिच्या कानामागचं मशीन पाहून भावकीनं नाकं मुरडली. लहानपणीच्या तापात तिचं ऐकणं अर्धंमुर्धं गेलं होतं. मशीन लावलं की काम भागत होतं, बोलणं जरा घोगरं, शब्द जरा जाड, एवढंच. “बहिरी गळ्यात मारली की!” म्हणत छबुबाई हातवारे करायची. तेव्हा मनकर्णाबाईच तिच्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करून बोलायच्या. सासूचा तो आवाज द्वारकेला माहेरच्या सावलीसारखा वाटायचा.

मग ईश्वरी झाली. थाळी पडली तरी दचकत नाही, हाक मारली तरी वळत नाही... हे सगळ्यात आधी द्वारकेलाच उमगलं, कारण ते न वळणं तिनं स्वतः भोगलेलं होतं. पण घर म्हणालं, “आमच्या घराण्यात पोरं उशिरानंच बोलत्यात.” आणि जेव्हा सगळ्यांनाच उमगलं तेव्हा नवरा, जालिंदर, गावच्या दूध सोसायटीचा सचिव, शहाणा माणूस, म्हणाला, “तुझी मशीन हाय की. तीच लाव तिला. एका घरात दोन कशाला?” द्वारकेनं आपलं मशीन काढून लेकीच्या कानात घातलं, स्वतः महिनोन् महिने शांततेत राहिली, टोमणे ऐकण्यातूनही सुटली... आणि लेक तरीही वळली नाही.

अखेर नगरच्या डॉक्टरीणबाईंनी जालिंदरला समोर बसवलं. “अहो, मशीन आवाज फक्त मोठा करतं. तुमच्या बायकोच्या कानात ऐकण्याची शक्ती थोडी शिल्लक आहे, म्हणून तिला मशीन पुरतं. या लेकराच्या आतल्या कानात तो आवाज धरणाऱ्या पेशीच नाहीत. विझलेल्या चुलीवर कितीही मोठं भांडं ठेवा, पाणी तापेल का? हिला ऑपरेशन लागेल. आतल्या शंखात बारीक तार बसवायची, बाहेर कानामागं यंत्र आणि डोक्याला चिकटणारी चकती. मग आवाज त्या बिघडलेल्या पेशींना वळसा घालून थेट नसेपर्यंत जाईल.”

“मग बोलंल ना?” जालिंदरनं विचारलं.

“ऑपरेशन ऐकणं देतं, बोलणं नाही. बोलणं घरच्यांनी द्यायचं असतं. सकाळपासून निजेपर्यंत तिच्याशी बोलत राहायचं. आणि दिवस हातचे घालवू नका... वय एकदा उलटलं की यंत्र असूनही भाषा येत नाही.”

सरकारी योजनेतून ऑपरेशनचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात मनकर्णाबाई कुणालाच न विचारता मायंब्याला गेल्या, मच्छिंद्रनाथांच्या समाधीपुढं डोकं टेकवलं, आणि जे सगळ्यात लाडकं तेच देवाला वाहिलं. ‘नाथा, माझ्या नातीला वाचा दे. ती बोलंल तवाच मी बोलंन!’ भोळ्या जिवाला वाटलं, आपला आवाज देवाच्या पदरात टाकला की देव तोच आवाज नातीच्या कंठात घालील. देवाशी केलेला तो सौदा नव्हता. ते प्रेमच होतं... पण आंधळं प्रेम! व्रत घेणाऱ्यानं आधी पाहावं की आपल्या उपासानं आपलंच पोट रिकामं राहतंय, की दुसऱ्याचं. मनकर्णाबाईंनी ते पाहिलं नाही.

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी यंत्र चालू केलं तेव्हा ईश्वरी दचकली, रडली, आणि आईच्या बांगड्यांकडं डोळे विस्फारून पाहत राहिली. द्वारकेनं त्या दिवशी बांगड्या इतक्या वाजवल्या की दोन फुटल्या!

पण आनंद तिथंच थांबला. पाऊस गेला तो आलाच नाही. घरच्या गाई छावणीत बांधल्या, त्यांचं शेणपाणी करायला द्वारकेला पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत तिथं राहावं लागे. छावणीतल्या धुळीत लेकराचं यंत्र टिकणार नाही म्हणून ईश्वरी दिवसभर आजीजवळ घरात. आणि आजी... मुकी! सांजेला द्वारका धावत घरी यायची, लेकीला मांडीवर घेऊन “ही बघ भाकर, हा बघ दिवा” म्हणू लागायची, तर जालिंदर खेकसायचा, “तू बोलू नगं तिच्यासंगं! तुझ्यावानी घोगरी शिकंल. एक बहिरी पुरी झाली घरात.”

असं ते घर झालं. ज्या लेकराच्या डोक्यात तार घालून देवानं आणि डॉक्टरांनी दार उघडलं होतं, त्या दारातून आत जायला एक शब्दही नव्हता. आजी मायेनं भरवायची, तेल लावायची, छातीशी धरायची... पण ओठ मिटून!

गावाला मात्र ते मौन दिसलं आणि गावानं ते आपलंसं केलं. सोसायटीचा चेअरमन राधाकिशन, छावणीही त्याच्याच हाताखाली, त्यानं मारुतीच्या पारावर सांगून टाकलं, “ह्या माउलीच्या तपावर आपलं आभाळ तोललेलं हाय. तिला कुनी बोलवायचा परयत्न करायचा न्हाई.” नवस नातीचा होता, तो पावसाचा झाला. मनकर्णाबाई मान हलवून नाही म्हणायच्या, बोटानं ईश्वरीकडं दाखवायच्या, पण मुक्याच्या खुणा कोण वाचतो! आणि हळूहळू... खरं तेच सांगायला हवं... त्यांनाही ते पाय धुणं गोड वाटू लागलं असावं.

तपासणीला नगरला गेल्यावर बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी ईश्वरीमागं डबा वाजवला, शिट्टी वाजवली. ती प्रत्येक वेळी चमकली. मग त्यांनी शब्द विचारले. तिला एकही येईना... आई नाही, पाणी नाही, ये नाही, जा नाही.

“घरी हिच्याशी कोण बोलतं?” बाईंनी विचारलं.

द्वारकेनंच सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. “मग ऑपरेशन कशाला केलंत? पोरीला कान देऊन तुम्ही तिला रिकाम्या घरात कोंडलंय! आणि तुम्हाला कुणी सांगितलं हो, आईनं बोलू नये म्हणून? आईचं बोलणं कसंही असो, ते लेकराला लागतं. आजीचा गळा एवढा चांगला म्हणता, तिला सांगा, उद्यापासून बोला. नाहीतर थोड्या दिवसांनी मला काहीच करता येणार नाही.”

परतीच्या वाटेवर जालिंदर एवढंच म्हणाला, “बाईला ह्यातलं काय सांगायचं न्हाई. गाव जाळंल आपल्याला.” तो आईला ‘बाई’ म्हणायचा, सगळं घरच म्हणायचं.

आणि तरी त्या सोमवारी द्वारकेनं पाय धरले... आणि कान गमावला.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते एक तिलाच ठाऊक. “पाऊस पडल्यावर बघू नव्या मशीनचं,” असं जालिंदर म्हणाला असावा. तिला फक्त त्याचे ओठ आणि झटकलेला हात दिसला. लहानपणापासून ती लोकांच्या ओठांवरून शब्द ओळखायला शिकली होती, म्हणून शिव्या तेवढ्या कळायच्या. तिला छावणीतून काढून पाणी भरायच्या कामाला लावलं. एक बरं झालं, लेक बरोबर असायची. आणि आता तिला कुणाचीच पर्वा नव्हती. नवरा नसताना, स्वतःचाच आवाज ऐकू येत नसताना, ती लेकीशी बोलत राहायची. शब्द नीट येतोय की वाकडा, काही कळायचं नाही... आंधळ्यानं दुसऱ्याच्या कपाळी कुंकू लावावं तसं ते बोलणं!

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. टँकर विहिरीत पाणी सोडायला यायचा होता. रांग पलीकडच्या अंगाला, बाभळीच्या सावलीला होती. द्वारकेला बाया रांगेत उभं राहू देत नव्हत्या, म्हणून ती विहिरीच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला घागर ठेवून वाकली होती. ईश्वरी तिचा पदर धरून उभी. मागून मनकर्णाबाई दुसरी कळशी घेऊन येत होत्या... मौनी झाल्या तरी घरच्या कामाला त्या कधी चुकल्या नाहीत.

टँकर आला तो उलटा. चालकाचं लक्ष पलीकडच्या रांगेवर. टँकरच्या अवाढव्य अंगाआड त्या दोघी कुणालाच दिसत नव्हत्या. दिसत होत्या फक्त मनकर्णाबाईंना!

त्यांनी कळशी टाकली, टाळ्या वाजवल्या. इंजिनाच्या घरघरीत त्या विरून गेल्या. त्या धावल्या. चाक जवळ येत होतं... आणि त्या क्षणीसुद्धा, हाय रे दैवा, त्यांनी ओठ दातांखाली दाबून धरले होते! मायंब्याची समाधी डोळ्यांपुढं उभी राहिली. धुतलेले पाय आठवले. गावाचं आभाळ आठवलं. आणि मग त्यांना दिसली ती वाकलेली पाठ... जिच्या कानाशी वाकून त्या कधीकाळी एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या.

“द्वारकेऽऽ! ईशेऽऽ! सरकाऽऽ!”

दीड वर्षाचा कोंडलेला आवाज फाटून बाहेर आला. द्वारका हलली नाही. तिला कसा ऐकू येणार तो! पण ईश्वरी गरकन वळली. आवाज कुठून आला ते तिला कळलं नसावं. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि तिला दिसलं आजीचं उघडलेलं तोंड... जे तिनं जन्मात कधी बोलताना पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं! त्या नवलाकडं ती धावत सुटली, आईचा पदर मुठीत तसाच धरून. पदर ओढला गेला, द्वारका तोल जाऊन रस्त्याकडेच्या मातीत कोसळली, आणि तिच्या डोळ्यांदेखत चाक घागरीवरून गेलं.

बायकामाणसं धावत आली. एखाद्याला वाटावं, आता कुणी लेकराला उचलून घेईल, कुणी द्वारकेच्या गुडघ्याचं रक्त पुसील. पण नाही.

“मौन मोडलं!” छबुबाईनं छाती बडवली. “अगं, मौन मोडलं गं हिनं! बुडालं गाव!”

राधाकिशन टँकरमागून पुढं आला. “बाई, काय केलं तुमी हे? आन कुनासाठी? जिच्यासाठी वरडला, तिला तर ऐकूबी आलं न्हाई!”

मनकर्णाबाई धुळीत बसल्या होत्या. नात त्यांच्या ओठांवर, हनुवटीवर बोटं फिरवत होती. त्यांचा आवाज घोगरा, फाटका आला, पण आला.

“जिला ऐकू यायचं हुतं, तिला आलं, राधाकिसन.”

“आन पाऊस?”

“पाऊस न्हाई पडला तर माझ्या नावानं बोटं मोडा. पाप माझं. नाथाच्या दारी मीच जाब दीन. पर माझ्या लेकीनं पाय धरले तवा माझं त्वांड उघडलं न्हाई, त्या पापाला कुठल्या देवाकडं जाऊ, सांग!”

एकीनं तिथंच थुंकून पाय झाडले. ज्या बायांनी त्या पायांचं तीर्थ घरी नेलं होतं, त्याच पुढं होऊन त्यांची कळशी रांगेबाहेर ढकलू लागल्या.

घरी आल्यावर मनकर्णाबाईंनी सुनेला जोत्यावर बसवलं, गुडघा धुतला, आणि मग तिच्या पायांवर डोकं ठेवून त्या बोलत राहिल्या, बोलत राहिल्या. काय काय बोलल्या, द्वारकेला कधीच कळलं नाही. मान खाली होती, ओठ दिसत नव्हते. फक्त पावलांवर ऊन ऊन पाणी पडत होतं. तिनं सासूचा चेहरा दोन्ही हातांनी वर उचलला.

“मला ऐकू येत न्हाई, आत्याबाई,” ती म्हणाली, “माझ्यापाशी नगा वाया घालवू. जे बोलायचं ते तिला बोला.”

त्या दिवसापासून मनकर्णाबाईंचं तोंड थांबलं नाही. पहाटे उठल्यापासून, “ही चूल, ईशे. हा जाळ. ह्यो धूर, डोळं झोंबत्यात बघ.” भाकरी थापताना, वाकळ झटकताना, रिकामा रांजण पालथा घालताना. शब्द संपले की गाणं. फाटलेल्या गळ्यानं, मधेच खोकत,

“लेक माझ्या लेकाची गं, जशी तुळस अंगणी,
तिच्या मुक्या ओठांवरी, नाथा ठेव तुझी वाणी.”

दुपारी द्वारका भाजी निवडत समोर बसायची आणि तीही तिच्या जाड, वाकड्या शब्दांत लेकीशी बोलायची. आता जालिंदर काही म्हणत नसे. टँकरची गोष्ट ऐकून तो धावतच घरी आला होता. नंतर एक दिवस न सांगता बायकोला नगरला नेऊन नव्या मशीनसाठी तिच्या कानाचं माप देऊन आणलं. ते मशीन अजून यायचं होतं.

पाऊस आला नाही. मृगही कोरडा गेला, आर्द्राही. गावानं त्याचा सगळा भार मनकर्णाबाईंच्या माथी घातला. बारशाचं बोलावणं बंद झालं, हळदीचं बंद झालं. बाया दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, “आली बघा बोलकी!” पांढऱ्या आभाळाकडं बघून त्या माउलीच्या काळजात काय होत असेल, ते तिचं तिला ठाऊक, कारण तिलाही मनातून खरंच वाटत होतं की हे आपल्यामुळंच झालं. रोज देवापुढं नाक घासायची, क्षमा मागायची... आणि उठून पुन्हा नातीशी बोलायला लागायची.

आणि एका सकाळी, मनकर्णाबाई ताक घुसळत असताना, त्यांच्या पाठीवर रेललेल्या ईश्वरीनं रवीकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं.

रवी थांबली.

समोर भांडी घासणाऱ्या द्वारकेला काहीच ऐकू आलं नाही. तिला फक्त सासूचा चेहरा दिसला... आधी पांढराफटक पडलेला, मग विजेनं उजळावा तसा उजळलेला. ती राखेच्या हातांनी धावली. “काय झालं? आत्याबाई, काय म्हनली ती? बोलली का? बोलली का हो ती?”

ईश्वरी पुन्हा बोलली. आजीच्या गालाला हात लावून, आजीच्या डोळ्यांत बघत.

मनकर्णाबाईंनी सुनेकडं पाहिलं. त्या उपाशी, थकल्या, बहिऱ्या पोरीकडं. जिनं लेकराला स्वतःचं मशीन दिलं, मार खाल्ला, आणि स्वतःचाच आवाज ऐकू येत नसताना दिवसामागून दिवस अंधारात शब्द पेरले. त्यांनी नातीचा चेहरा अलगद आईकडं वळवला. मग सुनेला नीट दिसावं म्हणून, पूर्वीसारखं एकेक अक्षर सुटं करत त्या म्हणाल्या,

“आ... ई! आई म्हनली गं! तुलाच हाक मारली!”

द्वारका जन्मभर ओठ वाचत आली होती. लेकराचे ओठ तिनं दुसऱ्या वेळी नीट पाहिले होते. ते आधी घट्ट मिटले होते आणि मग उघडले होते. ‘आई’ म्हणताना कुणाचे ओठ मिटत नाहीत. घरात आजीला सगळे ‘बाई’ म्हणत.

तिनं क्षणभर सासूच्या डोळ्यांत पाहिलं. मग लेकीला छातीशी कवटाळलं आणि राख लागलेल्या हातानं मनकर्णाबाईंचा गळा धरून ती हमसाहमशी रडू लागली.

“व्हय, आत्याबाई,” ती म्हणाली, “मीबी बघितलं. आईच म्हनली.”

मनकर्णाबाईंचा गळा तिच्या तळहाताखाली थरथरत होता. त्या काहीतरी बोलत होत्या.